म्हातारपणचं पडणं आणि त्याचा न लिहिलेला खर्च

जुन्या नाशकातल्या वाड्यांत माडीवर जाणारा जिना अरुंद, अंधारा आणि जवळजवळ उभाच असे. पायऱ्यांच्या कडेनं वरून एक जाड दोर सोडलेला असायचा, तो धरून चढायचं आणि धरूनच उतरायचं. वर्षानुवर्षं हातांनी घासून दोर गुळगुळीत होई. आधाराची कल्पना नवी नाही, एवढं यातून कळतं. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मात्र चकचकीत टाइल्स आहेत, लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला नळाशिवाय काही नाही. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवर घरचे आजीचा हात सोडत नाहीत, पण वयस्कर माणसं जास्त पडतात ती घरात आणि घराच्या आसपास.

पडणं हा अभ्यासाचा विषय व्हायला बराच वेळ गेला. इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टनचे डॉ. जोसेफ शेल्डन यांनी १९६० साली २०२ जणांच्या ५०० पडण्यांची छाननी छापली. अडखळणं, जिना, चक्कर, अचानक पायांतलं बळ जाणं अशी कारणं त्यांनी वेगळी काढली. ‘वयच झालंय’ या उत्तराला पहिला मोठा धक्का बसला तो इथे. १९८८ मध्ये अमेरिकेत डॉ. मेरी टिनेटी यांनी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ३३६ जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं. त्यातले सुमारे ३२ टक्के पडले. झोपेच्या गोळ्या, पायांचा अशक्तपणा, ढासळलेला तोल, कमी झालेली स्मरणशक्ती यांपैकी जितक्या गोष्टी एकत्र, तितका धोका जास्त. यातल्या बऱ्याचशा सुधारता येतात, हे महत्त्वाचं.

शस्त्रक्रिया त्याआधीच पुढे गेली होती. पूर्वी खुबा मोडला की पायाला वजन लावून महिनोन्‌महिने झोपवून ठेवायचे. पुढे पाठीला जखमा, न्यूमोनिया, आणि बऱ्याचदा शेवट. शल्यविशारद स्मिथ-पीटरसन यांच्या, मोडलेलं हाड जोडणाऱ्या १९३१ च्या खिळ्यानं आणि नंतर ऑस्टिन मूर यांच्या, खुब्यात बसवायच्या धातूच्या गोळ्यानं रुग्ण उठून बसू लागला. आज ‘बॉल बसवला’ हे नाशकात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. तरीही खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण मोठंच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं दरवर्षी ६,८४,००० माणसं पडून मरतात, त्यातली ८० टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. पैशाचा हिशेब मात्र श्रीमंत देशांनी ठेवला: अमेरिकेत २०२० साली ज्येष्ठांच्या पडण्यावर सुमारे ८,००० कोटी डॉलर खर्च झाले. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे सुमारे १०.४ कोटी होते, पण त्यांच्या पडण्याचा खर्च घरातल्या घरात जिरतो. दिवसपाळीची मावशी, रात्रपाळीची मावशी, फिजिओ, डायपर, एअर बेड. शिवाय सुनेनं किंवा लेकीनं सोडलेली नोकरी, जी कुठल्याच बिलावर येत नाही.

सरकार या बाजूला उशिरा वळलं. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ चा. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजूंना काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षण मिळालं. त्यात ऑपरेशन बसतं. घरी सोडल्यानंतरचा औषधोपचार १५ दिवसांपुरता. खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस आधाराशिवाय चालायला लागायला काही महिने जातात, आणि तेवढे महिने मावशीचा पगार घरातूनच द्यावा लागतो.