जुनी गाडी तापते तेव्हा : पाणी भरण्याआधी हे वाचावे

आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक गाड्या पंधरा-वीस वर्षे चाललेल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती कमी किमतीत आलेल्या आणि तरीही रोजच्या कामाला जुंपलेल्या असतात. या गाड्यांच्या मालकांकडून वर्षभर एकच वाक्य आमच्या कानी पडते : ‘गाडी थोडी तापते, पण पाणी टाकले की चालते.’ यातला पहिला अर्धा भाग ही साधी आणि बहुधा थोडक्या खर्चात मिटणारी तक्रार आहे. दुसऱ्या अर्ध्या भागामुळे मात्र तीच तक्रार इंजिन उघडण्यापर्यंत जाऊन पोहोचते. प्रत्येकाला हे उभ्या उभ्या नीट समजावून सांगणे कामाच्या गर्दीत जमत नाही, म्हणून ते लिहून देत आहोत. बॉनेट कसे उघडावे, रेडिएटर आणि कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रव्याची) बाटली कोठे असते, एवढे आपणांस ठाऊक आहे असे आम्ही धरून चाललो आहोत.

कूलंट हे पेट्रोलसारखे खर्ची पडत नाही, ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यावी. इंजिन, ते फिरवणारा वॉटर पंप, होज पाइप, रेडिएटर आणि हीटर यांच्या बंद मार्गातून ते फिरत राहते. वर्षभरात बाटलीतील पातळी किंचित खाली येणे समजण्यासारखे आहे, परंतु महिन्याभरात ती दोन बोटे उतरत असेल, तर ते द्रव्य कोठून तरी बाहेर गळते आहे किंवा इंजिनच्या आत जाऊन जळते वा ऑइलमध्ये मिसळते आहे. तिसरी शक्यता नाही. म्हणून पातळी कमी दिसली की ‘किती टाकू?’ या प्रश्नाआधी ‘गेले कोठे?’ हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि आमचे निम्मे काम याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे असते.

ज्या चुकीपायी आपला आणि आमचा सर्वाधिक वेळ जातो, ती चूक येथेच घडते. गाडी दाखवायला आणायची म्हणून ग्राहक आदल्या संध्याकाळी रेडिएटर काठोकाठ भरतात, आणि पुष्कळदा सौजन्य म्हणून इंजिनसुद्धा धुऊन आणतात. हेतू चांगला असतो, हे आम्ही जाणतो. परंतु पाणी भरल्याने किती कमी झाले होते ते कळत नाही, आणि इंजिन धुतल्याने कोठून कमी झाले त्याची खूण पुसली जाते. कूलंटला रंग दिलेला असतो. ते जेथून पाझरते तेथे वाळून हिरवट, तांबूस किंवा पांढरट खरपुडी धरते आणि ही खरपुडी हाच आमच्यासाठी सर्वांत भरवशाचा पुरावा असतो.

एका ग्राहकाची गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिच्या डिकीत पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या. दर चार दिवसांनी अर्धा लिटर पाणी टाकण्याचा क्रम तीन महिने चालू होता. पण गाडी आमच्या हवाली करताना ‘कधी कधी तापते’ एवढेच सांगण्यात आले आणि इंजिन तर आरशासारखे स्वच्छ होते. रेडिएटर सुका, होज पाइप सुके, गाडीखाली रात्रभर अंथरलेला पुठ्ठाही सुका. तिसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण तापल्यावर आणि फॅन दोनदा फिरून थांबल्यावर, वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला असलेल्या बारीक छिद्रातून एक थेंब निघाला, गरम धातूवर ओघळला आणि जमिनीवर पडण्याआधीच वाळून गेला. पंपाचे सील झिजले की आतले कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे आणि मालकाला वेळीच कळावे, यासाठीच ते छिद्र ठेवलेले असते. इंजिन धुतले नसते तर त्या छिद्राखालची खरपुडी आम्हाला दहा मिनिटांत दिसली असती. शोधाशोधीत गेलेल्या वेळेचे आम्ही काही घेतले नाही, परंतु त्या गृहस्थांना तीन दिवस गाडीवाचून काढावे लागले, ते टळू शकले असते याची रुखरुख आम्हाला आजही वाटते.

त्या गाडीच्या रेडिएटरमधून जे निघाले ते कूलंट राहिलेलेच नव्हते. ते गढूळ, तपकिरी पाणी होते. साधे पाणी टाकत राहिल्याने काय होते, हे अनेकांना नेमके ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. इंधनातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग कूलंटच्या वाटे उष्णता म्हणून बाहेर टाकावा लागतो. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. अर्धे डिस्टिल्ड वॉटर आणि अर्धे ग्लायकॉलयुक्त कूलंट असे मिश्रण मोकळ्या भांड्यात १०७ अंशांच्या आसपास उकळते, आणि रेडिएटरच्या झाकणाने आत एक बार दाब धरून ठेवला तर हाच बिंदू १२९ अंशांच्या जवळपास जातो. चढावर, गर्दीत किंवा एसी चालू असताना इंजिनला जो आधार मिळतो तो या वाढीव अंशांचा असतो. दर चार दिवसांनी अर्धा लिटर पाणी मिसळत गेल्याने हा आधार हळूहळू निघून जातो. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायने असतात, तीही पातळ होत जातात. नळाच्या किंवा विहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार इंजिनच्या आतल्या भिंतींवर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. ज्या पाण्याने गाडी ‘चालते’ असे वाटते, तेच पाणी पुढच्या वेळी ती लवकर तापण्याची व्यवस्था करून ठेवत असते.

याचा शेवट हेड गॅस्केटपाशी, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ थरापाशी, होतो. पुष्कळ जुन्या इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ठरलेल्या तापमानापर्यंत हा फरक गॅस्केट सांभाळून घेते. त्यापलीकडे हेडला बाक येतो. हा बाक डोळ्यांना दिसत नाही. अनेक हेडच्या बाबतीत ०.०५ मिलिमीटरचा वाकडेपणासुद्धा मर्यादेबाहेरचा मानला जातो, आणि मग हेड उतरवून फेसिंग करून घेण्यावाचून, म्हणजे मशीनवर त्याचा पृष्ठभाग सपाट करून घेण्यावाचून, इलाज उरत नाही. स्वस्तात घेतलेल्या गाडीच्या बाबतीत हा खर्च अनेकदा तिच्या किमतीच्या जवळ जातो, आणि एरवी उत्तम चालणारी गाडी केवळ त्यामुळे भंगारात निघते. ज्या झाकणाच्या रबरापासून किंवा होज पाइपच्या ढिल्या क्लिपपासून हे सुरू होते, ती दुरुस्ती चहा पिऊन होईपर्यंत आटोपणारी असते.

रस्त्यात तापमानाचा काटा वर चढू लागला, तर प्रथम एसी बंद करावा आणि हीटर व त्याचा पंखा पूर्ण चालू करावा. हीटर हा एक लहान रेडिएटरच असतो. आतील माणसांना त्रास होतो, पण इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर पडते. हीटरमधून गरमऐवजी गार हवा येत असेल, तर आत कूलंट फिरत नाही असे समजून सुरक्षित जागा दिसताच इंजिन बंद करावे. काट्यावर डोळे झाकून विसंबू नये. कूलंट पार खाली गेले की सेन्सर द्रवात बुडालेला राहत नाही आणि काटा उलट खाली येऊ शकतो. ‘काटा उतरला म्हणून पुढे निघालो’ असे सांगणाऱ्यांच्या गाड्या आम्ही टो होऊन आलेल्या पाहिल्या आहेत. गरम असताना रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, कारण दाब सुटताच आतले द्रव्य उकळून तोंडावर आणि हातांवर उसळते. तसेच तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेड किंवा ब्लॉक तडकू शकतो. वरचा होज पाइप हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. याला तासभरही लागू शकतो. ‘गॅरेज दोनच किलोमीटर राहिले होते’ हे कारण आम्हाला समजते, पण हेडला बाक यायला तेवढे अंतर पुरते.

आता आमच्या पद्धतीविषयी, कारण तिच्यावर नाराजी व्यक्त होते. तापण्याची तक्रार असलेली गाडी आम्ही एक रात्र ठेवून घेतो. काम रेंगाळते म्हणून आम्ही तसे करत नाही. धातू आणि रबर थंड होऊन आकसल्यावरच उघडे पडणारे काही सांधे असतात, तर काही गळत्या फक्त गरम इंजिनावर दिसतात; म्हणून सकाळी थंड इंजिनावर हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढा दाब देऊन आम्ही काही वेळ पंपावरचा दाबाचा काटा पाहतो, आणि नंतर फॅन चालू होईपर्यंत गाडी तापवून पुन्हा सर्व बाजूंनी तपासतो. बाहेर काहीच सापडले नाही, तर रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून चाचणी घेतो. सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो, आणि हेड उघडायचे की नाही याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही. ही चाचणी ग्राहकाने स्वतः उभे राहून पाहावी असा आमचा आग्रह असतो.

थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून टाकण्याची विनंती आम्ही नाकारतो, त्याचेही अनेकांना वाईट वाटते. थर्मोस्टॅटमधील मेण साधारणतः ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान वितळू लागते आणि रेडिएटरची वाट उघडते. तो काढला तर इंजिन वेळेत गरम होत नाही, इंधन जास्त जाते आणि ऑइल लवकर खराब होते. शिवाय ज्या इंजिनांत बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट थर्मोस्टॅटच बंद करतो, त्यांत काही कूलंट रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरते आणि भर उन्हात गाडी पहिल्यापेक्षा अधिक तापू शकते. अडकलेला थर्मोस्टॅट बदलणे हे काम लहान आहे. तो नसलेली गाडी सुधारणे हे मोठे. गळती बुजवणाऱ्या पावडरी आणि बाटल्याही आम्ही ठेवत नाही. त्या गळतीचे छिद्र बुजवोत न बुजवोत, हीटरच्या बारीक नळ्या मात्र बुजवू शकतात.

आपल्या गाड्यांची एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडते, आणि तीच त्यांची काळजी घेणे सोपे करते. जुन्या गाडीचे बॉनेट उघडले की बहुतेक सर्व काही दिसते आणि हाताला येते. कव्हरे काढत बसावे लागत नाही. सकाळी निघण्यापूर्वी दोन मिनिटे देऊन वरचा होज पाइप बोटांनी दाबून पाहावा. तो चांगला असेल तर घट्ट आणि लवचिक लागतो, संपत आला असेल तर मऊ, फुगलेला किंवा करकरणारा लागतो. बाटलीवरील खुणा पाहाव्यात, गाडीखाली डाग पडला आहे का ते पाहावे. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ थर दिसला, किंवा गाडीत बसल्यावर गोडसर वास आला, तर त्याच दिवशी फोन करावा. महिन्याभरात गाडीच्या फॅनचा आवाज किती वेळाने येतो आणि किती वेळ टिकतो हे आपोआप ओळखीचे होते. वीस वर्षांची गाडी भर दुपारी चढ चढून जाते आणि काटा मधल्या रेघेवरून हलत नाही, तेव्हा मालकाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते आम्ही अनेकदा पाहिले आहे, आणि या कामात आम्हाला तेच हवे असते.

नियमित सर्व्हिसिंगला येणाऱ्या गाड्यांचे झाकण, होज पाइप आणि कूलंटचे पाण्यातील प्रमाण आम्ही वेगळे न सांगताही तपासतो. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्टच वॉटर पंप फिरवतो, त्यांत बेल्ट बदलताना पंपही बदलावा असे आम्ही सुचवतो. बेल्ट उतरवण्याची मजुरी एकदा लागलेलीच असते आणि वर्षभराने तीच पुन्हा द्यावी लागू नये, एवढाच त्यामागचा हिशेब आहे. नवे कूलंट भरल्यावर मार्गात अडकलेली हवा काढून टाकतो आणि कोणत्या प्रकारचे कूलंट कोणत्या तारखेला भरले याची चिठ्ठी बॉनेटच्या आत लावतो, कारण वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळल्यास त्यांचे आयुष्य घटते आणि केवळ रंग पाहून प्रकार ओळखता येत नाही. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून आपल्याला परत दिला जातो.

तापण्याची तक्रार घेऊन येताना इंजिन धुऊ नये. पाणी भरणे भागच असेल, तर भरण्यापूर्वी बाटलीचा फोटो काढावा, किती टाकले ते मापून तारखेसह लिहून ठेवावे आणि तो कागद किल्लीसोबत द्यावा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडी चालवत न आणता फोन करावा. आम्ही येऊन पाहतो किंवा ती ओढून आणण्याची व्यवस्था करतो. घरी कूलंट सांडले किंवा काढले असेल तर ते उघड्या भांड्यात किंवा अंगणात राहू देऊ नये, कारण त्यातील ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड लागते आणि मुले व जनावरे त्याला तोंड लावतात. असे जुने कूलंट झाकणबंद डब्यात भरून आमच्याकडे आणून द्यावे. ते आम्ही विनामूल्य ठेवून घेतो.