सेटिंगची ओळ ते काट्यांची यादी

संत्र्यांचा आंबिया बहार सरला की नागपूरच्या कळमन्याच्या मंडईतले एक आडते पाचांपैकी दोन वजनकाटे उचलून ठेवतात. सॉफ्टवेअर आमचं. त्यांच्या मशीनवरच्या सेटिंग फाइलीत आम्ही उरलेले तीनच काटे लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: "भाऊ, दोन काटे तर काढले ना, मंग स्क्रीनवर पाचच्या पाच कसे दिसून राहिले?"

याची मुळं बरीच मागे आहेत. विंडोजच्या सुरुवातीच्या दिवसांत सेटिंग म्हणजे आयएनआय फाइल. चौकटी कंसात विभागाचं नाव, खाली 'नाव = किंमत' अशा ओळी. आकडा असो की तारीख, फाइलीत नुसता मजकूर. यादीची सोयच नव्हती. काटा१, काटा२ असे क्रमांक टाकायचे आणि पुढचा सापडेना की थांबायचं.

२००२ साली मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट (प्रोग्राम लिहायची आणि चालवायची चौकट) आलं आणि सेटिंग एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणांच्या कंसांत बांधलेल्या मजकुरात, गेली. त्यातलं 'अ‍ॅपसेटिंग्ज' म्हणजे जुनाच माल नव्या पोत्यात: डावीकडे मजकूर, उजवीकडे मजकूर. पोर्ट (काटा संगणकाला जोडायची जागा), वेग, क्षमता हे सगळं अर्धविरामांनी एकाच ओळीत जोडून नंतर कोडमध्ये फोडत बसायचं. स्वतःचा विभाग हवा असेल तर 'आय-कॉन्फिगरेशन-सेक्शन-हँडलर' हा इंटरफेस, म्हणजे आपल्या कोडने पाळायचा करार, होता. त्याच्या 'क्रिएट' मेथडच्या, म्हणजे एका ठरावीक कामाच्या कोडच्या, हातात एक्सएमएलचा तुकडा पडे, त्यातून फिरून ऑब्जेक्ट भरायचे आपणच. ते ठेवायचे बहुधा 'अ‍ॅरेलिस्ट'मध्ये, कारण जेनेरिक्स (यादीत कोणत्या टाइपचा माल, म्हणजे आकडा, मजकूर की काटा, ते आधीच ठरवायची सोय) तेव्हा नव्हतेच. बाहेर काढताना दरवेळी कास्ट, म्हणजे टाइप पुन्हा सांगणं. चतुर लोक तो तुकडा सरळ त्याचे आपोआप ऑब्जेक्ट करणाऱ्या 'एक्सएमएल सीरियलायझर'कडे सोपवून मोकळे होत.

२००५ च्या २.० आवृत्तीने हे काम अंगावर घेतलं. 'कॉन्फिगरेशन-सेक्शन'मध्ये प्रत्येक प्रॉपर्टीचा टाइप, मूळ किंमत, सक्तीची की ऐच्छिक, हे वर लिहून ठेवता येई. चूक झाली तर फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांकासह एरर. यादीसाठी 'कॉन्फिगरेशन-एलिमेंट-कलेक्शन'. त्यात दोन मेथड लिहाव्याच लागत: नवा घटक कसा बनवायचा, आणि त्याची ओळख म्हणजे 'की' कोणती. ही दुसरी मेथड मला तेव्हा कटकट वाटायची. पण तिच्याच जोरावर आतल्या फोल्डरची फाइल वरच्या यादीतला नेमका एक घटक 'रिमूव्ह' करू शकत होती, किंवा 'क्लिअर' म्हणून सगळी पाटी कोरी. (जेनेरिक्स याच आवृत्तीत आले, तरी हा क्लास त्यांच्याविनाच राहिला. यादीतून नेमक्या टाइपचा घटक काढणारा टाइप्ड इंडेक्सर हातानेच लिहा!)

२०१६ मध्ये डॉटनेट कोअर आलं, सोबत जेसन ही सेटिंग लिहायची सुटसुटीत पद्धत. साधा क्लास (ऑब्जेक्टचा साचा) लिहा, फाइलीतल्या किमती त्यात भरायला 'बाइंड' म्हणा, काट्यांची टाइप्ड लिस्ट हजर. शंभरेक ओळी लिहायच्या वाचल्या, सगळे खूश.

आत मात्र वेगळंच चाललेलं असतं. फाइल वाचली की तिचं सपाट नाव-किंमत कोष्टक होतं: 'काटे:०:पोर्ट', 'काटे:१:पोर्ट'. म्हणजे फिरून काटा१, काटा२! मूळ फाइल, तिच्यावर त्या-त्या ग्राहकाच्या मशीनवरची फाइल, तिच्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (संगणकाच्या यंत्रणेतच ठेवलेली किंमत) असे थर एकमेकांवर पडतात आणि जुळणी होते ती नावाने. यादीतल्या घटकाचं नाव म्हणजे त्याचा क्रमांक. वरच्या थरात तीन काटे असले तर ०, १, २ बदलतात. ३ आणि ४ खालच्या थरातून तसेच वर येतात. आडत्यांच्या स्क्रीनवरचे दोन भुताटकी काटे ते हेच. 'रिमूव्ह' आणि 'क्लिअर' जेसनच्या वाटेवर कधीच गळाले होते.

आम्ही लिस्टची डिक्शनरी (क्रमांकाऐवजी नावाने शोधायची यादी) केली आणि काट्याच्या नावालाच की केलं. पण डिक्शनरीतही वरचा थर खालचं काही पुसत नाही, म्हणून प्रत्येक काट्याला 'चालू' नावाची खरं-खोटं सेटिंग दिली. शिवाय २०२१ च्या डॉटनेट ६ मधलं, सुरू होतानाच सेटिंग तपासणारं 'व्हॅलिडेट-ऑन-स्टार्ट' लावलं. चालू काट्याचा पोर्ट रिकामा असेल तर प्रोग्राम आता सुरूच होत नाही. आधी ही चूक संत्र्यांची गाडी काट्यावर उभी राहिल्यावर कळायची.