पास्ट्रामीची पारख: न्यूयॉर्कच्या ज्यू डेलीमागचा इतिहास

ज्यू डेलीत, म्हणजे ‘डेलिकेटेसन’ म्हणतात त्या मांसाच्या सँडविचच्या खानावळीवजा दुकानात, पहिल्यांदा गेलेला आपला माणूस बाहेर येतो तो बहुधा दोन तक्रारी घेऊनच. एका सँडविचला एवढे पैसे, आणि वाढणाऱ्याच्या तोंडावर हसू म्हणून नाही. न्यू जर्सीत राहायला आलो तेव्हा मीही हेच म्हणायचो. आता मला मनापासून वाटतं, की डेलीला इतर हॉटेलांचं माप लावणं अन्यायाचं आहे. तिची मापं तिच्या इतिहासातून आली आहेत, आणि तो इतिहास गरिबीचा आणि धर्मनियमांचा आहे.

‘डेलिकेटेसन’ हा शब्द जर्मन. तयार मांस, सॉसेज, लोणची विकणारी ही दुकानं न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकात जर्मन लोकांनी आणली. १८८० नंतर रशिया, पोलंड, रोमानियातून छळाला आणि उपासमारीला कंटाळून ज्यू येऊ लागले. १९२४ च्या कायद्याने दार जवळजवळ बंद होईपर्यंत असे सुमारे वीस लाख लोक अमेरिकेत आले. त्यातले कितीतरी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमधल्या चाळीवजा इमारतींत दाटीवाटीने राहिले. ‘कॅट्झ’ हे आजचं सर्वांत प्रसिद्ध दुकान तिथलंच, १८८८ चं.

पास्ट्रामीचं मूळ नाव रोमानियन ‘पस्त्रामा’, त्याच्याही मागे तुर्की ‘बास्तिर्मा’, म्हणजे दाबलेलं मांस. रोमानियातले ज्यू ते पाळीव हंसाचंही करत. अमेरिकेत बीफ स्वस्त मिळालं, म्हणून कृती तीच राहिली आणि मांस बदललं. त्यातही गाईच्या पुढच्या भागाचंच, कारण मागच्या भागातली एक शीर आणि काही चरबी धर्माला वर्ज्य. ती काढणं इतकं किचकट, की अमेरिकेतले कोशर, म्हणजे ज्यू खाण्याचे नियम पाळणारे, खाटीक मागचा भाग सहसा विकतच नाहीत. पुढचं मांस मात्र चिवट. छातीच्या ब्रिस्केटचं कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवून शिजवलेलं मांस, झालं आणि पोटाकडच्या चरबीदार पट्ट्याची पास्ट्रामी. पास्ट्रामीचं मांस आधी मिठाच्या पाण्यात बरेच दिवस मुरवायचं, मग मिरी, धणे, लसूण चोळून धुरी द्यायची, आणि शेवटी वाफेवर तासन्‌तास ठेवायचं. एवढ्या प्रवासात मांसाचं वजन बरंच घटतं. भाव पाहताना हे लक्षात ठेवलं पाहिजे.

खरी परीक्षा त्या शेवटच्या वाफेची. नीट वाफवलेली पास्ट्रामी इतकी मऊ असते, की यंत्रात घातली तर तिचा चुरा होतो. ती हातानेच, धाग्याला आडवी कापावी लागते. यंत्राने पातळ पापुद्रे काढायचे तर मांस मुळात घट्टच ठेवावं लागतं. आमच्या गावाजवळच्या एका डेलीत मला तसे गार, रबरासारखे काप मिळाले होते, आणि वाढणारा फार गोड बोलत होता. मला तो गोडवा नको होता, वाफ हवी होती. सोबतचा ब्रेड राय नावाच्या धान्याचा, शहाजिऱ्यासारख्या कॅरवे बियांचा, कड चांगली कडक. वर वाटलेली मोहरी. काकडीचं लोणचं मिठाच्या पाण्यात आंबवलेलं, व्हिनेगरमध्ये बुडवलेलं नव्हे.

चीज मागण्याआधी मात्र दुकान कुठल्या प्रकारचं ते पाहावं. कोशर नियमाने मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून कोशर डेलीत दुधाची कॉफीसुद्धा मिळत नाही. हाच नियम अलिबाग-पेणकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंच्या, घरांत मटणाच्या रश्श्यात नारळाच्या दुधाने सांभाळला गेला. नियम एक, स्वयंपाक संपूर्ण वेगळा. न्यूयॉर्कमध्ये मासे आणि दुधाच्या पदार्थांची दुकानंच निराळी झाली. १९१४ चं ‘रस अँड डॉटर्स’ त्यातलं. ‘कोशर’ पाटी लावून भलतंच विकणारेही होते, म्हणून न्यूयॉर्क राज्याने १९१५ मध्ये कायदा केला आणि १९२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. कॅट्झ कोशर नाही, ‘कोशर पद्धतीचं’ आहे. तिथे कॉर्न्ड बीफवर चीज घातलेलं रूबेन मिळतं, आणि त्याला कोणी फसवणूक म्हणू नये.

आता वाढणाऱ्यांचं. जुन्या डेलींतले वेटर बहुतेक उतारवयाचे, यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलणारे, आयुष्यभर तेच काम केलेले. समोरचं गिऱ्हाईक गल्लीतलंच. अदबीने बोलण्याची गरज दोघांनाही वाटत नसे. काय खावं हे वेटरच ठणकावून सांगे. घरच्या वडीलधाऱ्यासारखा तो रागवायचा, आणि लोक त्यासाठीही यायचे. म्हणून सेवा पाहताना मी हसणं मोजत नाही. गरम पदार्थ गरम आला का, लोणचं न मागता आलं का, एवढंच बघतो.

१९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये दीड हजारांवर कोशर डेली होत्या, असं सांगतात. आज त्या बोटांवर मोजाव्या लागतील अशी स्थिती आली आहे. मुलं शिकून दुसऱ्या धंद्यांत गेली, कुटुंबं उपनगरांत गेली, सुपरमार्केटात पाकीटबंद मांस आलं, भाडी वाढली. ‘स्टेज’ २०१२ मध्ये बंद झाली, ‘कार्नेगी’ २०१६ च्या अखेरीस. १९५४ ची ‘सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली’ भाड्याच्या वादात २००६ मध्ये आपल्या मूळ रस्त्यावरून उठली आणि जवळजवळ दोन वर्षांनी, २००७ च्या अखेरीस, तेहतिसाव्या रस्त्यावर पुन्हा उभी राहिली, नाव तेच ठेवून.

कॅट्झमध्ये अजून दारातच चिठ्ठी हातात देतात. जे घ्याल ते तिच्यावर लिहिलं जातं आणि जाताना तिच्यावरच हिशेब होतो. काउंटरपाशी कापणारा सुरीच्या टोकाने पास्ट्रामीचा एक काप छोट्या बशीत सरकवतो. कडेला मिरीचा काळा थर, आत गुलाबी, चरबी वितळून चकाकणारी. तो चवीपुरता असतो, फुकट. तो खाऊन होईपर्यंत कापणारा थांबतो आणि तुमच्या तोंडाकडे बघतो.