एचआयव्ही उपचारांचे जाळे: रुग्ण निसटतो कुठे?

एचआयव्हीचा उपचार आता तसा सोपा झाला आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत येतात. बहुतेकांना दिवसाला ती एक पुरते. अवघड आहे ते पसरलेल्या प्रदेशात गोळी, तपासणी आणि रिपोर्ट यांची सांगड घालणे. नियोजनाच्या बैठकीत यंत्रे किती घ्यायची यावर खल चालतो. रुग्ण मात्र दोन सेवांच्या मधल्या फटीतून निसटतो.

व्हायरल लोडचेच, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या चाचणीचेच घ्या. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, नंतर वर्षातून एकदा ही चाचणी होते. समजा १२,००० जण उपचारावर आहेत. नवे रुग्ण आणि फेरतपासण्या धरून वर्षाला १४,००० नमुने, कामाचे दिवस २५०, म्हणजे रोजचे ५६. मोठ्या यंत्राच्या एका फेरीत नव्वदहून अधिक नमुने बसतात, तेव्हा एकच यंत्र पुरून उरते. तरीही ‘आमच्या भागाला आमचे यंत्र’ या हट्टापायी तीन घेतली, की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १९ नमुने. मग फेरी भरेपर्यंत पाच दिवस थांबा, नाहीतर अर्धवट फेरीत महागडी रसायने घालवा. त्यापेक्षा एक मध्यवर्ती प्रयोगशाळा आणि ठरल्या वेळी येणारी गाडी बरी. एकेक नमुना एकेका काडतुसात तपासणारी छोटी यंत्रे गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांसाठी राखावीत. नेहमीची तपासणी विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे शोधते, आणि आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या बाळाची तपासणी थेट विषाणू शोधणारीच लागते, आणि तिथे उशीर परवडत नाही.

गाडीचे वेळापत्रक रक्तच ठरवते. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतल्या रक्तातून २४ तासांच्या आत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वेगळा करावा लागतो. तो २ ते ८ अंश सेल्सियसला पाच दिवस टिकतो. प्लाझ्मा वेगळा करणारे सेंट्रिफ्यूज यंत्र नसलेल्या केंद्रात शनिवारी दुपारी घेतलेले रक्त म्हणूनच फुकट जाते. अशा ठिकाणी कागदावर वाळवलेले रक्ताचे ठिपके सोयीचे. ते किमान चार तास वाळू द्यावेत आणि शोषक पुडीसह पाकिटात बंद करावेत. घाई केली की ओल धरते.

रिपोर्ट परत आला म्हणजे काम झाले, असेही नाही. मिलिलिटरमागे विषाणूच्या १,००० हून अधिक कॉपी आढळल्या, तर गोळ्या नियमित घेतल्या जातात का यावर समुपदेशन आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी ठरलेली. पण तो कागद फाइलमध्ये लागला, तर पुढच्या वर्षापर्यंत कोणी पाहत नाही. असे रिपोर्ट वेगळे काढून प्रत्येक केंद्रातल्या एका नेमून दिलेल्या माणसाकडे त्याच दिवशी गेले पाहिजेत.

साठ्यातही अशीच गफलत होते. महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायचा निर्णय चांगलाच. पण सगळ्यांना एकदम दिल्या तर एकाला महिनाभर पुरणारे १२,००० ऐवजी ३६,००० डबे एका फटक्यात उठतात, पुढचे दोन महिने कोणी येत नाही आणि चौथ्या महिन्यात पुन्हा तीच झुंबड. दरमहा एक-तृतीयांश रुग्ण या पद्धतीवर नेले, तर पहिल्या महिन्यात २०,०००, दुसऱ्यात १६,००० आणि तिसऱ्यापासून नेहमीचे १२,०००.

राहिली बदली. रुग्ण न सांगता दुसऱ्या केंद्रात गेला, की इथे ‘गळाला’ आणि तिथे ‘नवा’ अशी त्याची दोनदा नोंद होते. सगळीकडे चालणारा एकच क्रमांक हा त्यावरचा उपाय. आणि सांगून गेलेल्याचीही नोंद चिठ्ठी दिली म्हणून बंद करू नये. पलीकडून ‘पोचला’ असा निरोप आल्यावरच करावी. निरोप येत नाही तोवर तो पाठवणाऱ्या केंद्राचाच रुग्ण, आणि फोन करायचा तोही त्यांनीच.