माळ्यावरून उतरवलेला सिंथेसायझर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माळ्यावर काकांचा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर (विजेच्या सर्किटमधून स्वर काढणारे पट्ट्यांचे वाद्य) 22 वर्षे गवसणीत पडून होता. नवरात्रात गरब्याच्या वाद्यवृंदात तो वाजवणारे काका थकले आणि मग त्याला कुणी हात लावला नाही. यंदा तो खाली काढल्यावर घरातल्या प्रत्येकाला तो लगेच चालू करून पाहायचा होता, पण मी प्लग लावू दिला नाही, कारण पडून राहिलेल्या यंत्राच्या पोटातही रसायनांचे काम चालूच असते.

पहिली काळजी वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाची. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच विजेला अडवून धरतो. वर्षानुवर्षे व्होल्टेज मिळाले नाही की हा थर झिजतो. अशा वेळी एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर आतून प्रवाह झिरपतो, कपॅसिटर तापतो आणि प्रसंगी फुटतोही. म्हणून व्हॅरिअ‍ॅकच्या (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) साहाय्याने व्होल्टेज सावकाश वाढवत नेतात, म्हणजे थर पुन्हा धरू लागतो. सोबत सिरीजमध्ये, म्हणजे वीज आधी त्यातून जाईल असा, तारेचा जुना बल्ब लावावा: तो भगभगीत पेटून तसाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असे समजावे. त्याआधी वाद्याच्या मागचा मजकूर वाचणे आवश्यक आहे, कारण जपानमध्ये विकण्यासाठी बनलेली वाद्ये 100 व्होल्टची असतात आणि आपल्या घरात 230 व्होल्ट येतात.

खरे नुकसान मात्र एका लहानशा सेलने केले होते. जुळवून ठेवलेले आवाज लक्षात ठेवण्यासाठी त्या काळच्या अनेक वाद्यांत निकेल-कॅडमियमचा सेल थेट सर्किट बोर्डावर डाख देऊन बसवलेला असे. तो पाझरला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे तीव्र अल्कली बोर्डावर पसरून तांब्याच्या रेषा खाते. झाकण उघडले तेव्हा सेलभोवती, कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकावे तसा, हिरवट थर दिसला. सेल काढून तो भाग पांढऱ्या व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने टूथब्रश फिरवत स्वच्छ केला. मल्टिमीटरने तपासता दोन रेषा तुटलेल्या निघाल्या, त्या बारीक तारेने सांधल्या. त्या जागी लिथियमचा सेल बसवायचा असेल, तर त्याच्याकडे येणारा चार्जिंगचा प्रवाह डायोडने (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाने) अडवावाच लागतो. लिथियमचा साधा सेल चार्ज होऊ देणे धोक्याचे आहे.

वाद्य बोलू लागले ते बेसूर, आणि इथे घाईने स्क्रू फिरवण्याचा मोह आवरला पाहिजे. सिंथेसायझर बनवणारे अमेरिकी अभियंते रॉबर्ट मूग यांच्या वाद्यांमुळे रूढ झालेल्या पद्धतीत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. हे गणित एका ट्रान्झिस्टरवर चालते: त्याच्यापर्यंत त्या व्होल्टमधले जेमतेम 18 मिलिव्होल्ट पोहोचतात आणि तेवढ्यात प्रवाह दुप्पट होतो, म्हणून स्वराची कंपनसंख्याही दुप्पट होते, म्हणजेच एक सप्तक चढते. ही संवेदनशीलता तापमानानुसार दर अंशाला सुमारे 0.33 टक्क्याने बदलते. भरपाईची सोय नसेल, तर 10 अंशांच्या फरकाने सप्तकात जवळजवळ 40 सेंट्सची (एका सप्तकाचे 1200 सेंट्स), म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्याजवळ जाणारी, चूक होते. म्हणून वाद्य अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावे आणि मगच सूर जुळवावा. तंबोरासुद्धा खोलीची हवा अंगी मुरल्यावरच आपण मिळवतो.

अर्ध्या तासाने काकांनी षड्ज धरून पाहिला. मधल्या सप्तकातली एक पट्टी अजून दोनदा वाजते. तिच्याखालचा संपर्क या आठवड्यात साफ करायचा आहे.