गुणसूत्रे जास्त म्हणजे जीव प्रगत?

चोर्ला घाटातल्या पावसाळी भटकंतीत हे हमखास ऐकू येते: ज्याची गुणसूत्रे (पेशीतले जनुके वाहणारे धागे) जास्त, तो जीव अधिक प्रगत. तसे अजिबात नाही.

माणसाची 46, बटाट्याची 48. आणि ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम हा छोटासा नेचा? केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ अब्राहम आणि निनन यांनी 1954 साली त्याची गुणसूत्रे मोजली, ती 1,260 च्या घरात भरली! बीजाणू बनण्याआधीच्या अर्धसूत्री विभाजनात (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनात) गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. सहाशेवर जोड्या मोजणाऱ्यांच्या चिकाटीला दाद द्यायला हवी.

एवढी आली कुठून? वनस्पतींत अख्खा संचच वाढू शकतो. याला बहुगुणिता म्हणतात. नवी गुणसूत्रे बव्हंशी जुन्यांच्याच प्रती असतात, त्यामुळे आकडा फुगला तरी रचना गुंतागुंतीची होतेच असे नाही.

म्हापशाच्या बाजारातली केळी पाहा. खाण्याच्या बहुतेक केळ्यांत 11-11 चे तीन संच, एकूण 33. तिघांच्या जोड्या जुळणार कशा? विभाजन बिघडते, बी धरत नाही, म्हणून लागवड मुनव्यांनी, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांनी. रानकेळीत दोनच संच, 22. तिच्यात मात्र दाताखाली येणाऱ्या टणक बिया भरपूर.