हृदय व चयापचय विकारांवरील चिकित्सालयीन संशोधन (बेळगाव सीमाभाग)

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता आणि रक्तातील मेदाचे दोष हे विकार एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांचे निदान कसे करावे, कोणाला कोणते औषध किती द्यावे आणि मुळात ते होऊ नयेत म्हणून काय करावे, या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवलेल्या आराखड्यानुसार, माणसांच्या संमतीने आणि माणसांमध्येच शोधणे म्हणजे या विकारांवरील चिकित्सालयीन संशोधन होय. बोलताना या सगळ्याला सरसकट ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हटले जाते. पण औषधाची तुलनात्मक चाचणी हा त्याचा एक प्रकार झाला. रुग्णांच्या नोंदवह्या ठेवून अभ्यास करणे, निदानाची नवी चाचणी जुन्या चाचणीशी ताडून पाहणे आणि एखाद्या गावातील लोकांची वर्षानुवर्षे विचारपूस करीत राहणे हेही त्यातच येते. कर्नाटकातील बेळगाव जिल्हा (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) आणि त्याला लागून असलेला मराठी-कन्नड सीमाभाग येथे या संशोधनाने वेगळी वाट घेतली. येथील सर्वाधिक वजनदार पुरावा मोठ्या रुग्णालयातील कॅथ लॅबमधून (हृदयाच्या रक्तवाहिन्या नळी घालून तपासण्याच्या कक्षातून) न येता प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, आणि त्याहून जास्त घरांच्या सोप्यातून, गरोदर बायकांच्या रक्तदाबाच्या नोंदींतून आला.

सीमाभागातील वैद्यकीय संस्थांचा विस्तार जुना आहे. मिरजेचे मिशन रुग्णालय १८९४ साली सुरू झाले आणि चिकोडी, अथणीकडचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जात आले. बेळगावात के.एल.ई. संस्थेची स्थापना १९१६ मध्ये झाली आणि तिचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये उभे राहिले. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्थाही बेळगावातच आहे. पश्चिम घाटातील औषधी वनस्पती हा तिच्या अभ्यासाचा विषय होय.

या विकारांचा भार भारतात किती आहे, हे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून कळते : प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही, म्हणजे सुमारे १०.१ कोटी माणसे, आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने (२००४) दाखवून दिले की, तंबाखू, रक्तातील मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहार, मद्यपान आणि व्यायाम या नऊ बाबींनी हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका ठरतो. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांचे पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ वर्षे, तर इतर देशांत जवळजवळ ५९ वर्षे आढळले. या नवांपैकी तंबाखू सीमाभागात घरोघर आहे. निपाणी हे विडीच्या तंबाखूचे मोठे पेठगाव. तेथील वखारींत आणि विडीकामात बायकांचा हात मोठा. प्रश्नावलीतल्या ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला येथील बाई मनापासून ‘नाही’ म्हणते, आणि पुढच्याच वाक्यात ‘सकाळी मशेरी तेवढी लावते’ असे सांगते. मशेरी, तपकीर, विडी आणि पानातला तंबाखू हे चार प्रश्न वेगवेगळे विचारल्याशिवाय या भागातील तंबाखूचा आकडा खरा निघत नाही.

स्थूलतेच्या बाबतीतही परदेशी मापे जशीच्या तशी चालत नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एकत्र छापलेले छायाचित्र या संदर्भात प्रसिद्ध आहे. दोघांचाही शरीरभार निर्देशांक (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३, पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. दिसायला किडकिडीत पण आतून मेदाळ ही भारतीय ठेवण जन्मापासूनच असते, असे याज्ञिकांच्या पुणे परिसरातील खेड्यांतील अभ्यासाने पुढे आणले. म्हणून भारतीयांसाठी या निर्देशांकात वजन वाढल्याची रेषा २३ वर आणि स्थूलतेची २५ वर धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका मानतात. शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसाला ‘तुमची शुगर तपासू या’ म्हटले की त्याला नवल वाटते. या आकड्यांमागचे कारण त्याला समजावून सांगणे हा निदानाचाच भाग आहे.

बेळगावच्या संशोधनाचा पाया प्रसूतीच्या क्षेत्रात घातला गेला. २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आकुंचित करणाऱ्या औषधाची चाचणी झाली. प्रसूतीनंतर तोंडावाटे दिलेल्या ६०० मायक्रोग्रॅम औषधाने अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले (‘लॅन्सेट’, २००६). औषध देणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या परिचारिका (ए.एन.एम.) होत्या. हा विषय हृदयविकाराचा नव्हे, हे खरे. पण खेड्यातील परिचारिका काटेकोर नोंदी ठेवून जगाला मान्य होईल असा पुरावा देऊ शकते, हे या चाचणीने सिद्ध केले आणि पुढचे सारे त्याच मनुष्यबळावर उभे राहिले.

त्यानंतर गरोदरपणातील रक्तदाबाकडे लक्ष वळले. ‘क्लिप’ या अभ्यासाचा भारतातील भाग बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांतील बारा प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत २०१४ ते २०१६ मध्ये झाला. आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका मोबाईलमधील प्रणाली घेऊन घरी जाई, रक्तदाब मोजी, डोकेदुखी, दृष्टीत अंधारी, छातीत दुखणे अशी लक्षणे विचारी, आणि गरज पडल्यास रक्तदाब उतरवणारी मिथिलडोपाची गोळी व झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देऊन बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवी. मोझांबिक, पाकिस्तान आणि भारत येथील निकाल एकत्र केल्यावर माता व बालकांच्या एकूण गुंतागुंतीत लक्षणीय घट दिसली नाही. तरीही ज्या बायकांशी आठ किंवा अधिक वेळा भेट झाली, त्यांच्यात मृतजन्म आणि नवजातमृत्यू कमी आढळले. अपेक्षित यश न मिळालेला निकालही तितक्याच तपशिलाने छापला गेला, ही गोष्ट या संशोधनाची प्रतिष्ठा वाढवणारी आहे.

गोकाक हे ‘क्रेडल’ या दुसऱ्या अभ्यासाच्या दहा केंद्रांपैकी एक होते. त्यातील रक्तदाबयंत्र मोबाईलच्या चार्जरवर चालते आणि आकड्यांबरोबर हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा दाखवते. वरचा दाब १६० किंवा खालचा ११० झाला की लाल. वरचा आणि खालचा दाब आणि नाडी यांचे गणित मांडण्याची गरज मोजणाऱ्याला उरत नाही. या अभ्यासाच्या काळात सर्व केंद्रांवर मिळून गुंतागुंत कमी झाली, परंतु ती घट यंत्रामुळेच झाली असे ठामपणे म्हणता आले नाही.

खेड्यात रक्तदाब मोजणे दिसते तेवढे सोपे नाही. बाई नुकतीच घागर उतरवून, किंवा रानातून येऊन दारात उभी असते. तिला पाठ टेकून पाच मिनिटे बसवायचे, बोलू द्यायचे नाही, अर्ध्या तासात चहा किंवा मशेरी झाली नाही ना हे विचारायचे, हात हृदयाच्या पातळीवर येईल अशी मांडीवर उशी ठेवायची, बांगड्या वर सरकवून बसलेल्या असतील तर त्या खाली घ्यायच्या आणि बारीक दंडाला बारीक पट्टा लावायचा. मोठा पट्टा लावला तर दाब खोटा कमी येतो, लहान लावला तर खोटा जास्त. दुसरे मोजमाप घेईपर्यंत सासूबाई ‘झालं का?’ म्हणून दोनदा डोकावून जातात. ‘लॅन्सेट’च्या पानावरील प्रत्येक आकडा अशा दहा मिनिटांतून निघालेला असतो.

‘अ‍ॅस्पिरिन’ हेच नाव घेतलेली चाचणी या मालिकेत विषयाच्या सर्वांत जवळची म्हणावी लागेल. हृदयविकार झालेल्या माणसाला रोज घ्यावी लागणारी ही स्वस्त गोळी पहिलटकरणींना गरोदरपणाच्या सहाव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान, रोज ८१ मिलिग्रॅम या मात्रेत सुरू करण्यात आली. सहा देशांतील ११,९७६ स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. भारतातील दोन केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले आणि रक्तदाब वाढून दिवस भरण्याआधी प्रसूत होणाऱ्यांची संख्याही घटली (२०२०).

मधुमेहाच्या निदानात या भागाची अडचण रक्तक्षयाची आहे. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० मिलिग्रॅम, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी ६.५ टक्के, यांपैकी एक मर्यादा ओलांडली तर मधुमेह धरतात. यांपैकी शेवटची चाचणी सोयीची, कारण तिला उपास लागत नाही. पण अंगात लोह कमी असले की तिचा आकडा साखर न वाढताही वर सरकतो. रक्तक्षय असलेल्या बायकांच्या वस्तीत केवळ त्या चाचणीवर विसंबलेले संशोधन चुकीच्या बायकांना मधुमेही ठरवील. गरोदरपणात भारतात एकाच टप्प्याची चाचणी वापरतात : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी साखर १४० किंवा अधिक असल्यास गरोदरपणातील मधुमेह मानायचा. त्या दोन तासांत मजुरी बुडते, गोड पाण्याने मळमळते, आणि परतीची एसटी निघून जाते. चाचणी अर्धवट सोडून गेलेल्या बाईला ‘असहकार्य’ या शेऱ्याखाली नोंदवणे अन्यायाचे आहे.

संमतीचा प्रश्न येथे भाषेचा होतो. ‘नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९’ आणि २००९ पासून सक्तीची झालेली चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी यांमुळे नैतिकता समितीची परवानगी, इजा झाल्यास भरपाई आणि समजेल अशा भाषेत माहितीपत्रक हे बंधनकारक आहे. सही न येणाऱ्याचा अंगठा निःपक्ष साक्षीदारासमोर घ्यावा लागतो. गोकाक, रामदुर्गकडे कन्नड, खानापूर, निपाणी आणि बेळगाव शहराच्या मोठ्या भागात मराठी, म्हणून माहितीपत्रके दोन्ही भाषांत लागतात. मात्र पुण्याच्या छापील मराठीत ‘छातीत वेदना’ असे विचारले तर खानापूरचा माणूस नकारार्थी मान हलवतो आणि नंतर ‘छातीत भरल्यागत होऊलालंय’ असे स्वतःहून सांगतो. ‘यादृच्छिक’ हा शब्द तर कोणाच्याच कामाचा नाही. ‘कोणाला खरी गोळी, कोणाला तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, डॉक्टरलाही ठाऊक नसेल’ असे म्हटले की मग खरे प्रश्न येतात, आणि ते आले तरच संमती घेतली असे म्हणावे.

हृदयविकाराच्या झटक्यावरील उपचारात वेळ हाच निर्णायक घटक आहे. भारतातील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदवहीत (२००८) लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे होता. कर्नाटक शासनाने अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने सुरू केलेल्या योजनेत तालुका रुग्णालयातच ईसीजी काढून, दूरच्या तज्ज्ञाला दाखवून, गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेस इंजेक्शन मोफत देण्याची सोय आहे. सीमाभागात पुढचा प्रवास मात्र राज्याच्या रेषेने चालत नाही. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला, कागवाडचा मिरज-सांगलीला जातो, तर महाराष्ट्रातील चंदगडचा बेळगावला येतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यामागे हेच वास्तव आहे. रुग्णाला याचा आधार असला, तरी संशोधकाच्या वहीत मात्र इंजेक्शन एका राज्यात, अँजिओप्लास्टी दुसऱ्या राज्यात आणि वर्षभरानंतरचा माणूस ऊसतोडीला तिसरीकडे, अशी नोंद तुटते.

याहून मोठी तूट बाळंतपणानंतर पडते. गरोदरपणात रक्तदाब वाढून आजारी पडलेल्या स्त्रीला पुढे कायमचा उच्च रक्तदाब होण्याचा धोका सुमारे पावणेचारपट आणि हृदयविकाराचा दुप्पट असतो. गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रीला नंतर मधुमेह होण्याचा धोका सातपटीहून अधिक असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसले आहे. बेळगावच्या चाचण्यांत सहभागी झालेल्या हजारो स्त्रियांपैकी कोणाचा दाब वाढला होता, हे तारखेनिशी लिहिलेले आहे. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी बहुतेक पाठपुरावा संपतो आणि असंसर्गजन्य आजारांची राष्ट्रीय तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षापासून सुरू होते. विसाव्या-बाविसाव्या वर्षी पहिली खेप झालेल्या बाईचे मधले आठ-दहा वर्षांचे रक्तदाब कोणत्याच कागदावर नाहीत. तिचे त्या वेळचे आकडे असलेले तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारे नोंदपत्र) मात्र घरातल्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली जपून ठेवलेले असते.